सॅच्युरेशन ९८ आलं, तरी पेशंटकडे बघा: इमर्जन्सीत नव्याने काम करणाऱ्यांसाठी

कोविडच्या आधी आपल्या सातारा-सांगलीच्या गावांत ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावायची ही क्लिप, हे ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूतलं यंत्र. १५ सप्टेंबर २०२० ला ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली आणि आशाताई ते पिशवीत घालून दारोदार फिरल्या. आता ते मेडिकलमध्ये मिळतं, घराघरांत कपाटात पडून असतं आणि जतच्या वस्तीपासून पाटणच्या वाडीपर्यंत लोक पहिला प्रश्न विचारतात तो ‘सॅच्युरेशन किती?’, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन किती टक्के, हाच. या छोट्या यंत्राने पुष्कळ जीव वाचवलेत. पण त्याच्यासोबत एक सवयही आली: आकडा ९८ दिसला की सगळे निवांत होतात. नातेवाईक होतात, नवीन स्टाफ होतो, कधी कधी जुनाही होतो. हा लेख त्या निवांतपणाबद्दल आहे. कॅज्युअल्टीत नव्याने लागलेल्या सिस्टर-ब्रदरसाठी, १०८ च्या गाडीवर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्यांसाठी आणि पुरात-अपघातात धावून जाणाऱ्या गावातल्या पोरांसाठी.

यंत्र नक्की काय बघतं

जपानचे इंजिनिअर ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात ही युक्ती काढली. क्लिपच्या एका बाजूने दोन प्रकाश बोटातून जातात: एक लाल, एक डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन इन्फ्रारेड जास्त शोषतं, ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन लाल जास्त शोषतं. पलीकडच्या बाजूला किती प्रकाश पोचला ते मोजलं जातं. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला जेवढा फरक पडतो तेवढाच यंत्र हिशोबात धरतं, म्हणून त्याला धमनीतलं रक्त वेगळं काढता येतं.

एवढंच. हिमोग्लोबिनच्या शंभरातल्या किती जागा भरल्यात, एवढं ते सांगतं. हिमोग्लोबिन मुळात किती आहे, रक्त अवयवांपर्यंत पोचतंय का, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय का, यातलं त्याला काही कळत नाही. पुढची प्रत्येक चूक या एका गोष्टीचा विसर पडल्याने होते.

पहिली पायरी: क्लिप लावायच्या आधी

क्लिप खिशात राहू द्या. आधी पेशंटशी बोला. ‘आजी, नाव काय तुमचं? कुठल्या गावच्या?’ आजींनी ‘मी… कवठे… महांकाळची’ असं तुकड्या-तुकड्यांनी उत्तर दिलं, तर दम किती लागलाय ते तुम्हाला यंत्राआधी कळलं. उत्तरच आलं नाही, किंवा बरळल्यासारखं आलं, तर त्याहून जास्त कळलं. ओठांचा रंग, घाम, नाकपुड्या फुलतायत का, बरगड्यांमधली जागा आत ओढली जातेय का, बसल्या जागी दोन्ही हात गुडघ्यावर टेकवून पुढे वाकलेत का, हे सगळं पंधरा सेकंदांत दिसतं.

मग श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट. आपल्याकडे या मोजणीत फार चालढकल होते. केसपेपरवर सगळ्यांचा श्वास २० लिहिलेला सापडतो आणि त्यातले बरेच कुणी मोजलेले नसतात. मोजताना नाडी बघतोय असं दाखवून मनगट धरा आणि नजर छाती-पोटावर ठेवा, कारण श्वास मोजतायत हे कळलं की माणूस वेगळा श्वास घेतो. मोठ्या माणसात मिनिटाला १२ ते २० ठीक. २५ च्या वर गेला की सावध व्हा, ३० च्या वर गेला की आकडा काहीही असो, पेशंट गंभीर धरा. आणि ८-१० वर आलेला संथ श्वास ३० पेक्षाही वाईट असू शकतो. लहान मुलांत दोन महिन्यांच्या आत ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे श्वास वेगात आहे. आशाताईंना हे आकडे पाठ असतात, विसरलात तर त्यांना विचारा.

दुसरी पायरी: बोट निवडणं

तर्जनी किंवा मधलं बोट घ्या. फडातून किंवा बागेतून आलेल्या माणसाचं बोट आधी ओल्या कापसाने पुसा, माती आणि चिकट रस निघू दे. नेलपॉलिश पुसता आली तर पुसा. नाही तर क्लिप आडवी करून बोटाच्या दोन्ही कडांवर बसवा. गडद मेंदी, विशेषतः काळी मेंदी, प्रकाश अडवते. श्रावणात किंवा लग्नसराईत आलेल्या बाईला पायाच्या बोटाला लावून बघा.

बोट गार असेल तर ते तळहातांत धरून चोळा, ऊब द्या. पुराच्या पाण्यातून काढलेला माणूस किंवा थंडीत महाबळेश्वरच्या रस्त्यावर अपघात झालेला माणूस यांच्या बोटांत रक्तच कमी आलेलं असतं. यंत्र तिथे एक तर आकडा दाखवत नाही किंवा भलताच दाखवतं. बीपीचा पट्टा ज्या हाताला आहे त्याच हाताला क्लिप लावू नका. पट्टा फुगला की नाडी बंद, आकडा गडगडतो आणि उगाच धावपळ होते. जवळचा हॅलोजन दिवा किंवा दुपारचं ऊन थेट बोटावर येत असेल तर वरून रुमाल टाका.

तिसरी पायरी: थांबणं, आणि नाडीशी ताळा

क्लिप लावल्याबरोबर दिसलेला पहिला आकडा लिहू नका. निदान अर्धा मिनिट थांबा, गार बोटाला जास्त. आकडा एका जागी बसला की यंत्रावरची नाडी आणि तुम्ही मनगटावर मोजलेली नाडी जुळते का ते बघा. यंत्र ६४ म्हणतंय आणि मनगटाला ११८ लागतेय, तर त्या वेळचं सॅच्युरेशनही खरं धरू नका. मॉनिटर असेल तर तरंग बघा: एकसारखे, टोकदार, प्रत्येक ठोक्याला एक. वेडेवाकडे असतील तर आकडा सोडून द्या. छोट्या क्लिपवर तरंगाऐवजी वरखाली होणारी पट्टी असते. ती जेमतेम हलत असेल तर सिग्नल कमजोर आहे. काही यंत्रांवर पीआय (बोटातला रक्तप्रवाह किती जोरात आहे ते) म्हणून तिसरा आकडा येतो, तो ०.५ च्या आसपास किंवा खाली असेल तर बोट बदला.

चालत्या गाडीत हे सगळं अवघड होतं. खंबाटकी घाटात वळणं घेताना हात हलतो आणि आकडा नाचतो. पेशंटचा हात त्याच्याच छातीवर ठेवून वरून धरून ठेवा. तरीही भरवसा वाटला नाही तर श्वास आणि शुद्ध यांवर निर्णय घ्या.

इथेच एक छोटी पण जीवघेणी गोष्ट. बोटावरच्या साध्या क्लिपवर आकडे इंग्रजी असतात, आणि इंग्रजीतला ८६ उलट्या बाजूने वाचला की ९८ दिसतो. ६८ हा ८९ होतो. पेशंट झोपलेला, तुम्ही डोक्याकडे उभे, घाईची वेळ: चूक व्हायला एवढं पुरेसं आहे. यंत्रावर सॅच्युरेशनजवळ टक्क्याची खूण आणि नाडीजवळ पीआर (पल्स रेट) छापलेलं असतं. ती अक्षरं सुलट दिसतायत ना, हे आधी बघायचं आणि मगच आकडा मोठ्याने म्हणायचा. दोन आकड्यांची अदलाबदलही होते. नाडी ९६ आणि सॅच्युरेशन ८८ असताना कुणीतरी ९६ सांगून मोकळं होतं.

चौथी पायरी: आकड्याचा अर्थ

ऑक्सिजन न लावता, निरोगी माणसात ९५ ते १०० ठीक. महाबळेश्वर-पाचगणीच्या उंचीवर एखाद-दोन टक्के कमी आले तर लगेच घाबरू नका. ९४ च्या खाली कारण शोधायला लागा. ९० च्या खाली ऑक्सिजन लावा आणि पुढे पाठवायची तयारी एकाच वेळी सुरू करा.

९० ला एवढं महत्त्व का? पाचगणीच्या टेबललँड पठारावर चालताना सगळं सपाट वाटतं आणि कडा आला की एकदम खाली. सॅच्युरेशनचा आलेख तसाच आहे. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब १०० वरून ६० मिमीपर्यंत (पाऱ्याच्या मापात) उतरला तरी सॅच्युरेशन ९७-९८ वरून ९० पर्यंतच येतं. म्हणजे वरवर सात-आठ टक्के, पण राखीव साठा जवळजवळ संपलेला. त्याच्यापुढे दाब थोडा उतरला तरी आकडा धाडकन कोसळतो. म्हणून ९१ वर ‘अजून नव्वदच्या वर आहे’ असं म्हणत बसणं धोक्याचं. तासाभरात ९७ वरून ९३ आलेला पेशंट, सकाळपासून ९३ वरच असलेल्यापेक्षा जास्त काळजीचा.

चांगल्या यंत्रातही दोन-तीन टक्के इकडेतिकडे होतात आणि ७०-८० च्या खाली आकडा अंदाजपंचेच असतो. त्वचेच्या रंगाचाही परिणाम होतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की कृष्णवर्णीय रुग्णांमधली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट वेळा ऑक्सिमीटरच्या नजरेतून सुटली होती. यंत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवत होतं. उन्हातान्हात राबणाऱ्या सावळ्या माणसाचं ९३ म्हणजे खरं ९० असू शकतं, असं मनात ठेवूनच वागा.

वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या आजी आणि विडी ओढणारे आबा यांचा हिशोब वेगळा. सीओपीडीच्या (धुराने श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेल्या आजाराच्या) पेशंटला ८८ ते ९२ हेच लक्ष्य. नातेवाईक ‘अहो, अजून वाढवा की’ म्हणतील, तरी १०० च्या मागे लागू नका. जास्त ऑक्सिजनने अशा माणसात कार्बन डायऑक्साइड साठतो, ग्लानी येते. पण उलट बाजूनेही चूक करू नका: सीओपीडी आहे म्हणून ८० वर बिना-ऑक्सिजन ठेवायचं नसतं.

आकडा छान, पेशंट धोक्यात

या भागासाठी मी हा सगळा लेख लिहायला घेतला, म्हणून इथे सावकाश वाचा.

*धूर आणि बंद खोली.* कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला तो ऑक्सिजनसारखाच दिसतो. पेशंट मरणाच्या दारात आणि बोटावर ९९. थंडीत शेगडी पेटवून दारं-खिडक्या लावून झोपलेलं कुटुंब, झरोका नसलेल्या बाथरूममधला गॅस गीझर, बंद शेडमध्ये किंवा विहिरीत उतरवून चालू ठेवलेलं डिझेल इंजिन, आगीत अडकलेला माणूस: यातलं काही ऐकलं की आकड्याकडे बघूच नका. एका घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी, उलटी, चक्कर असेल तर ‘काहीतरी शिळं खाल्लं असेल’ असं म्हणायच्या आधी शेगडी-गीझर विचारा. पिशवीवाल्या मास्कने १५ लिटरपर्यंत ऑक्सिजन द्या आणि मोठ्या रुग्णालयात पाठवा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. म्हणून आकडा १०० दिसला तरी मास्क काढायचा नाही. आणि दारं उघडून हवा खेळती होईपर्यंत तुम्ही स्वतः त्या खोलीत शिरू नका. विहिरीत तर दोर आणि जाणकार माणसं आल्याशिवाय मुळीच उतरू नका.

*मण्यार.* शिराळ्याच्या बाजूला काय किंवा वाई-जावळीत काय, जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. दुखत नाही, सुजत नाही, कधी खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, घसा धरल्यासारखा होतो, मग पापण्या जड होतात. सॅच्युरेशन ९८. श्वासाचे स्नायू हळूहळू लुळे पडत असतात, पण फुप्फुसं चांगली असल्यामुळे आकडा शेवटपर्यंत तग धरतो आणि मग काही मिनिटांत कोसळतो. अशा पेशंटला एक मोठा श्वास घ्यायला लावून एका दमात १, २, ३ मोठ्याने मोजायला सांगा. धडधाकट माणूस विसाच्या पुढे सहज जातो. दर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायला लावा आणि आकडा लिहून ठेवा. २२ वरून १५, १५ वरून ९ असा उतरत चालला, उशीवरून मान उचलता येईना, तर अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) हातात घ्या आणि श्वासनळीत नळी घालण्याची सोय जिथे आहे तिथे निघायची घाई करा. ऑक्सिमीटर काय म्हणतंय त्याची वाट बघू नका.

*ऑक्सिजन लावलेला, पण श्वास मंदावलेला.* हाही त्यातलाच प्रकार. झोपेच्या गोळ्या, दारू, डोक्याला मार, मेंदूतला रक्तस्राव. मास्क लावला की आकडा ९९ राहतो, आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो. मास्क लावलेल्या पेशंटचं सॅच्युरेशन तुम्हाला श्वासाबद्दल काहीच सांगत नाही. छाती किती वेळा आणि किती उचलली जातेय तेच बघायचं.

*रक्तस्राव आणि रक्त कमी असणं.* एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिली ऑक्सिजन वाहून नेतं. १५ ग्रॅमवाल्याच्या १०० मिली रक्तात जवळजवळ २० मिली ऑक्सिजन मावतो, ५ ग्रॅमवाल्या बाईच्या रक्तात ७ मिलीसुद्धा नाही. सॅच्युरेशन मात्र दोघांचंही ९८. बाळंतपणानंतर अंगावरून जास्त जाणारी बाई किंवा हायवेवरच्या अपघातात पोटात रक्तस्राव झालेला पोरगा यांच्या बाबतीत त्याच यंत्रावरचा दुसरा आकडा जास्त कामाचा: नाडी. ९८ टक्के आणि नाडी १३५ असं दिसलं तर १३५ मोठ्याने सांगा. डोळ्यांच्या पापणीखालचा रंग, गार हात, बीपी बघा. आणि यंत्र वारंवार बोट सापडत नाही म्हणत असेल, तर ते बिघडलंय असं समजायच्या आधी पेशंट शॉकमध्ये (अवयवांना रक्त पुरेनासं झालेल्या अवस्थेत) आहे का ते तपासा.

*छातीत कळ.* हार्ट अटॅकमध्ये सॅच्युरेशन बऱ्याचदा चांगलंच असतं. ९७ आहे म्हणून ‘गॅस झाला असेल’ असं म्हणून घरी धाडू नका, ईसीजी काढा. सॅच्युरेशन ९० च्या वर असेल तर अशा पेशंटला ऑक्सिजनची सहसा गरज नसते. त्यात वेळ न घालवता पुढची सोय करा.

दम्याच्या पेशंटचंही असंच. ९५ असलं तरी एक वाक्य एका दमात पुरं होत नसेल तर ॲटॅक मोठा आहे. श्वासातली मोठ्याने वाजणारी शिट्टी अचानक थांबली आणि पेशंट थकलेला दिसला, तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका.

आकडा ८५ वर अडकलाय

कधी कधी ऑक्सिजन कितीही वाढवला तरी आकडा ८५ च्या आसपासच राहतो, ओठ करडे-निळे दिसतात आणि पेशंट त्या मानाने फारसा धापत नाही. सुईने काढलेलं रक्त चॉकलेटी रंगाचं असेल तर मेथहिमोग्लोबिनचा, म्हणजे ऑक्सिजन वाहू न शकणाऱ्या बिघडलेल्या हिमोग्लोबिनचा, संशय घ्या. इंडोक्साकार्बसारखी काही कीटकनाशकं, डॅप्सोनच्या गोळ्या, नायट्राइट यांनी हे होतं. डब्याचं लेबल किंवा निदान मोबाइलवर काढलेला फोटो पेशंटसोबत पाठवा.

द्राक्षबागेत फवारताना अंगावर गेलेलं किंवा कुणी प्यायलेलं औषध बऱ्याचदा ऑर्गनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटातलं असतं: घाम, लाळ, बारीक झालेल्या डोळ्यांच्या बाहुल्या, छातीत घरघर. इथे ऑक्सिमीटर खरोखर मदतीला येतं. छातीत स्राव भरायला लागला की आकडा उतरतो. लगेच तोंड-घसा सक्शनने साफ करा, कुशीवर वळवा, आणि डॉक्टरांना ॲट्रोपिनसाठी (या विषावरच्या उताऱ्यासाठी) हाक मारा. हातमोजे घाला, पेशंटचे कपडे काढून अंग साबणाने धुवा.

आकडा वाईट, पेशंट मजेत

हसत बोलणाऱ्या माणसाचं ७८ आलं तर बऱ्याचदा बोट, बॅटरी किंवा क्लिप यांचा दोष असतो. बोट बदला, क्लिप स्वतःच्या बोटाला लावून खात्री करा. पण दुसऱ्या बोटालाही तरंग छान आणि आकडा ८४ असेल, तर तो खरा धरा. कोविडमध्ये ८०-८५ वर गप्पा मारणारे पेशंट आपण सगळ्यांनी पाहिलेत. शंका उरली तर ऑक्सिजन लावून मग शंका फेडत बसा, आधी नको.

मोबाइलचं ॲप किंवा हातातलं स्मार्ट घड्याळ यावर इमर्जन्सीत निर्णय घेऊ नका. मोठ्यांची क्लिप तान्ह्या बाळाच्या बोटाला बसत नाही, चुकीचे आकडे येतात. बाळांचा वेगळा प्रोब तळपायाला किंवा तळहाताला गुंडाळायचा असतो. आणि नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं सॅच्युरेशन पहिल्या मिनिटाला ६०-६५ च असतं, ८५-९५ पर्यंत यायला दहा मिनिटं लागतात.

शेवटची पायरी: लिहिणं आणि सांगणं

‘एसपीओटू (म्हणजे सॅच्युरेशन) ९४’ एवढंच लिहिलं तर पुढच्याला काही कळत नाही. ९४ साध्या हवेवर की दहा लिटरवर? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वेळ, ऑक्सिजन किती लिटर आणि कशातून, श्वास, नाडी, शुद्ध हे सगळं एका ओळीत घ्या. मिरजेला किंवा कराडला फोन करताना असं सांगा: ‘पुरुष, वय ६२, दोन दिवस ताप-खोकला. दहा वाजून पाच मिनिटांनी श्वास ३४, सॅच्युरेशन साध्या हवेवर ८५. सहा लिटर साध्या मास्कवर सव्वादहाला ९२, तरंग चांगला. नाडी १२४, बीपी १००/६०. जागे आहेत पण थोडे गोंधळलेत. वाक्य पूर्ण बोलता येत नाही.’ अर्ध्या मिनिटात समोरच्या डॉक्टरांना बेड कुठला ठेवायचा ते कळतं.

गंभीर पेशंटचे आकडे दर पाच मिनिटांनी पुन्हा घ्या, आणि ऑक्सिजन कमी-जास्त केला की प्रत्येक वेळी नव्याने लिहा. काम झालं की क्लिपच्या आतल्या दोन्ही काचा स्पिरिटच्या कापसाने पुसा. किटमध्ये दोन सुटे सेल ठेवा, आणि ड्युटी सुरू होताना यंत्र स्वतःच्या बोटाला लावून मनगटावरच्या नाडीशी ताळा करून घ्या.